सरासरी चव्वेचाळीस

मार्चच्या पहिल्या बुधवारी दुपारी काइसू माझ्याकडे आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. शाळेला स्कीची सुट्टी होती, वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत मी एकटीच होते. तिने वही टेबलावर टाकली आणि म्हणाली, "बाई, सरासरी एका सेंटिमीटरने वाढलीय. मला आनंद व्हायला हवा की नाही?"

"हवा की."

"मग भीती का वाटतेय ते सांगा."

काइसू सोरवा ही आमच्या बेटावरची बर्फमापी, म्हणजे बर्फाची जाडी मोजणारी. डिसेंबरात समुद्र गोठला की बेटापासून किनाऱ्यापर्यंत नऊ किलोमीटरचा रस्ता बर्फावरून निघतो. दर बुधवारी ती स्कीवरून त्या रस्त्याने जायची, गिरमिटाने दर अर्ध्या किलोमीटरला एक भोक पाडायची आणि खुणा केलेली आकडीची काठी आत घालून बर्फ किती जाड आहे ते वहीत लिहायची. एकंदर अठरा भोकं. स्नो-स्कूटर तिच्याकडे होती, पण मोजायला ती कधीच नेत नसे. स्कूटरच्या आवाजात बर्फ काय बोलतो ते ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्याआधी हे काम तिचे वडील करत, आणि ते सरासरी काढायचे तशीच तीही काढायची. बेटाच्या रस्ता समितीचा नियम साधा होता. गाडी आणि माल मिळून पाच टन असतील तर बर्फ छत्तीस सेंटिमीटर हवा.

मी वही उघडली. मागच्या बुधवारचे आकडे एकसारखे होते: बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पुन्हा त्रेचाळीस. सगळ्यांत कमी एकेचाळीस, जास्तीत जास्त पंचेचाळीस. सरासरी त्रेचाळीस. आज सकाळचे आकडे मात्र कुणीतरी मूठभर उधळून दिल्यासारखे होते. अडतीस, सत्तेचाळीस, चाळीस, एकोणपन्नास, बारावं भोक बावन्न आणि त्याला लागून तेरावं अडतीस. सरासरी चव्वेचाळीस.

"एकही छत्तीसच्या खाली नाही," मी म्हटलं.

"नाही. तेच तर. समितीला काय सांगू? भीती वाटतेय म्हणून?"

मी कागद घेतला. आठवीच्या मुलांना शिकवते तसंच तिला सांगितलं. प्रत्येक भोक सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं. त्या अंतरांचे वर्ग करायचे, म्हणजे कमी-जास्त एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. पुस्तकात याला प्रमाण विचलन म्हणतात. काइसूला तो शब्द जड गेला. ती म्हणाली, "म्हणजे पसारा."

मागच्या आठवड्याचा पसारा जेमतेम एक सेंटिमीटर निघाला. या आठवड्याचा चार.

"चौपट," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. तेव्हा कुठे तिने बूट काढले.

मी तिला समजावलं. तू अठरा जागी बघतेस, आणि दोन भोकांच्या मधला अर्धा किलोमीटर कुणीच बघत नाही. पसारा एक असेल तर न बघितलेला बर्फ बघितलेल्यासारखाच असेल असं धरून चालता येतं. पसारा चार असला की चव्वेचाळीसमधून दोनदा चार गेले तर छत्तीस उरतात, तीनदा गेले तर बत्तीस. अशी जागा कुठेतरी असणं मग नवलाचं नाही.

"आणि हे बावन्न?" तिने बाराव्या भोकावर बोट ठेवलं. "तिथे शनिवारच्या वादळाने एक लादी दुसरीवर चढलीय. दोन थर आहेत. याच बावन्नने सरासरी वर ढकलली. बाजूलाच दोन खडकांच्या मधून प्रवाह वाहतो. पाणी चढून उतरलंय, म्हणजे खालून ओढ वाढली असणार." तिने बोट तेराव्यावर सरकवलं. "बर्फ वरून वाढतोय आणि खालून कुणीतरी खातंय."

चार वाजता समितीची बैठक होती, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. काइसूने मला बरोबर चलायला सांगितलं. समितीचा अध्यक्ष होता ताउनो रांकिला. तो आणि काइसू एकाच वर्गात शिकलेले, एका बाकावर बसलेले. ताउनोच्या गोठ्यात एकतीस गाई होत्या. ऑक्टोबरच्या वादळात समुद्राचं पाणी त्याच्या गंजीत शिरलं आणि अर्धंअधिक गवत कुजलं होतं. नोव्हेंबरात फेरीबोटीचा पंखा तुटला. आता त्याच्याकडे दोन दिवसांचा चारा होता. किनाऱ्यावरून आहती या ट्रकवाल्याच्या गाडीतून एकशे तीस गठ्ठे गुरुवारी सकाळी निघायचे ठरले होते, आणि बर्फ चालेल अशी काइसूची सही तेवढी बाकी होती.

"चव्वेचाळीस," ताउनोने वही वाचली. "मागच्या वेळी त्रेचाळीसला सही केलीस. आज चव्वेचाळीस आहेत तर पेन उचलत नाहीस. काइसू, तुझं गणित कुठल्या शाळेतलं?"

"तुझ्याच."

दुकानाच्या खोलीतले बाकीचे तिघे हसले. ताउनो हसला नाही.

काइसूने पसारा समजावून सांगितला. तिने चांगला सांगितला, माझ्यापेक्षाही चांगला. ताउनोने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तो म्हणाला, "सर्वांत कमी किती?"

"अडतीस."

"नियम किती?"

"छत्तीस."

"मग अडतीस छत्तीसपेक्षा कमी केव्हापासून झाले?"

"मधलं कुणी मोजलेलं नाही, ताउनो."

"तुझ्या बापाने तरी कधी मोजलं? पस्तीस वर्षं या रस्त्याने गवत आलंय, तेल आलंय, बायका बाळंतपणाला गेल्यात. मध्ये काय आहे ते कुणीच मोजलं नाही." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "काल माझी एक गाय उठली नाही. मी तिला तिथेच चारा दिला, हाताने. दोन दिवसांनी हातात द्यायलाही काही नसेल. तू मला सांगतेस की कुठेतरी, कदाचित, बर्फ पातळ असेल. कुठे ते सांग. एक भोक दाखव. छत्तीसच्या खाली एक आकडा दाखव, मी स्वतः जाऊन रस्त्यावर आडवी फळी टाकतो."

काइसूने वही मिटली. तो चुकीचं बोलत नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ताउनोने स्वतः सही केली. तेवढा त्याला अधिकार होता.

माझ्याकडच्या फोनवरून तिने आहतीला गाठलं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, मोकळ्या गळ्याचा माणूस, मला त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "समिती हो म्हणाली ना? मग झालं. काइसू, तू मला दर वर्षी घाबरवतेस आणि दर वर्षी मी पोचतो. साडेदहाला बर्फावर उतरेन. कॉफी टाकून ठेव."

"दार उघडं ठेवून चालव," ती म्हणाली. "पट्टा लावू नकोस. आणि हळू."

"तेवढं मला माहीत आहे, आई," तो थट्टेने म्हणाला आणि फोन ठेवला.

फोनवर हात तसाच ठेवून ती उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, उद्या तुम्हाला काय काम आहे?"

गुरुवारी साडेसातला आम्ही निघालो. उणे सतरा होतं, वारा पडलेला होता. दोघी स्कीवर, तिच्या मागे छोटी घसरगाडी आणि तिच्यावर गिरमिट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या फांद्या बर्फात रोवलेल्या होत्या आणि त्यांच्या मधून आम्ही सहा किलोमीटर गेलो. काइसू मध्येच थांबायची, कान द्यायची आणि पुढे निघायची. बाराव्या भोकाशी पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते.

बेत सोपा होता. बारा आणि तेरामधल्या पाचशे मीटरमध्ये दर पंचवीस मीटरला एक, अशी एकोणीस भोकं. ती पाडणार, मी बर्फ झाडून काठी घालणार आणि लिहिणार. एका भोकाला सहा-सात मिनिटं लागत होती. म्हणजे साडेदहापर्यंत कशीबशी सगळी संपणार होती.

पहिलं एकोणपन्नास. दुसरं सत्तेचाळीस. तिसरं एकेचाळीस. चौथं पंचेचाळीस.

तिने जॅकेट काढून घसरगाडीवर टाकलं. गिरमिटाचा दांडा फिरवताना तिच्या पाठीतून वाफ निघत होती. आठवं भोक सदतीस निघालं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. सदतीसलाही नियम पास करतो. नववं पुन्हा बेचाळीस.

"मीही फिरवते," मी म्हटलं.

"तुम्ही लिहा. तुमचे हात थिजले तर आकडे कोण लिहिणार?"

अकरावं चाळीस. बारावं त्रेचाळीस. तेरावं एकेचाळीस. चौदाव्याला गिरमिट गोठलेल्या गाळाच्या थरात अडकलं आणि दहा मिनिटं तिथेच गेली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. चौदावं चव्वेचाळीस.

पंधरावं भोक पाडताना ती माझ्याकडे न बघता बोलू लागली. "बाई, ताउनोच्या गाई मला माहीत आहेत. नावानिशी. गेल्या वर्षी एकीच्या बाळंतपणाला मी होते. रात्रभर मला वाटत होतं, मी त्या गाईंना उपाशी मारतेय. वहीतल्या एका 'चार'साठी." दांडा फिरत होता. "माझ्या बापाला कधी शंका आली असेल का हो?"

मी बर्फ झाडून काठी घातली. पंधरावं त्रेचाळीस निघालं. सोळावं बेचाळीस.

तिने गिरमिट बर्फावर आडवं ठेवलं आणि त्यावर बसली. क्षणभर मला वाटलं, आता ही म्हणणार की चला घरी. मलाही तेच म्हणायचं होतं. सोळा भोकं पडली होती, सगळी पास. आम्ही तोंड दाखवायला तरी कशा जाणार होतो? एवढ्यात किनाऱ्याकडून इंजिनाचा आवाज आला. खूप लांबून, पण त्या थंडीत आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. आहती उतरला होता.

काइसू उठली. पुढच्या फांद्यांपर्यंत स्कीवर गेली आणि सतरावं भोक सुरू केलं.

मी झाडून जागा केली होती. गिरमिट नेहमीसारखं आत गेलं, दहा, पंधरा सेंटिमीटर. मग दांडा तिच्या हातात एकदम सैल झाला आणि ती गुडघ्यावर आली. भोकातून पाणी उसळून माझ्या बुटांवर आलं, काळं पाणी, आणि थांबेना. ते बुडबुडत एका बाजूला ओढलं जात होतं. खाली प्रवाह होता.

मी काठी घातली. आकडी खालच्या कडेला अडकली. मी खूण वाचली, खोटी वाटली म्हणून पुन्हा घातली.

"एकवीस," मी म्हटलं.

काइसूने वर बघितलं. ट्रक आता आडव्या खोक्यासारखा दिसत होता, गवताच्या ढिगासकट. अजून दीड किलोमीटर असेल. बुधवारचं तेरावं भोक आमच्यापासून पाऊणशे मीटरवर, त्याच्याच दिशेला.

"तुम्ही इथून मागे जा, सोळापर्यंत," ती म्हणाली. "दोघींचं वजन इथे नको." आणि ती निघाली.

मी आयुष्यात कुणाला स्कीवर असं जाताना बघितलं नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, जॅकेट नाही, टोपी नाही, दोन्ही काठ्या एकाच वेळी मारत. त्या तेराव्या भोकापर्यंत पोचून ती पुढेही गेली. ट्रक चालूच होता. तिने हात वर केले. आहतीने दिवे दोनदा लुकलुकवले, म्हणजे नमस्कार केला. त्याला वाटलं, ती रस्ता दाखवायला आलीय. काइसूने स्की काढल्या आणि एकीवर एक फुली करून रस्त्याच्या मधोमध धरल्या. बेटावर बर्फात माणूस खाली गेला की ही खूण करतात.

ट्रक थांबला. मला वाटतं पातळ जागेच्या दोनशे मीटर आधी. मी सोळाव्या भोकाशी उभी होते आणि माझ्या पायाखालून एक लांब आवाज गेला, खोल, तार ताणून सोडल्यासारखा. पुढे काय झालं ते मला आहतीने नंतर सांगितलं.

तो दार उघडून बाहेर उतरला तेव्हा मागच्या चाकांभोवती पाणी वर येऊ लागलं होतं. बर्फाला उभं ओझं सोसत नाही, तो वाकतो. काइसू त्याला म्हणाली, "मागे घे. आलास त्याच चाकोरीतून. हळू, पण थांबायचं नाही."

"पुढे काय आहे?"

"एकवीस."

आहतीने शिवी दिली नाही, विनोदही केला नाही. तो वर चढला. दार उघडंच होतं, एक पाय पायरीवर. काइसू ट्रकच्या शेजारून चालत होती, एका हाताने बाजूची फळी धरून, जणू ती तो पाच टनांचा भार स्वतःच मागे ओढत होती. मी त्याला नंतर विचारलं, तू तिला लांब हो म्हणाला नाहीस? तो म्हणाला, सांगितलं, तीनदा. ती म्हणाली, बर्फ बोलला तर तुझ्या इंजिनात तुला ऐकू येणार नाही, मला येईल.

आठशे मीटर त्यांनी तसं कापलं. दहाव्या-अकराव्या मिनिटाला मला इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. तेव्हा कुठे मी वही उघडून सतराव्यासमोर एकवीस लिहिलं.

ताउनो तासाभरात आला, स्नो-स्कूटरवर. ट्रक आला नाही म्हणून निघाला होता आणि चेहऱ्यावर सगळा राग होता. मी त्याला सोळाव्या भोकाशी थांबवलं आणि एकवीस म्हटलं. त्याने माझ्याकडून काठी घेतली. पोटावर पालथा झोपला, आणि सरपटत सतराव्या भोकापर्यंत गेला. काठी घातली, वाचली. पुन्हा घातली. तसाच सरपटत परत आला आणि उठून कोटावरचा बर्फ झटकत बसला, जरुरीपेक्षा फार वेळ.

"गवत कुठे आहे?" तो म्हणाला.

"पलीकडे. चांगल्या बर्फावर."

"आणि आहती?"

"तोही."

त्याने मान हलवली. मग गठ्ठे बांधायला स्कूटरच्या मागची दोरी सोडायला लागला.

त्या दुपारी गवत ट्रकमधून आलं नाही, पण आलं. काइसूने दोन खडकांना वळसा घालून उत्तरेकडून नवी वाट काढली. आम्ही आणखी चौतीस भोकं पाडली, आता ताउनो दांडा फिरवत होता आणि काइसू काठी घालत होती. आकडे त्रेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस असे एका रांगेत येऊ लागले तेव्हा तिने मला वही मागितली आणि पसारा विचारला. मी उभ्या-उभ्या बोटं थिजलेल्या हाताने काढला. दीडच्या आत होता. "मग चला," ती म्हणाली. तरीही ट्रक तिने येऊ दिला नाही. बेटावरची माणसं स्कूटर आणि घसरगाड्या घेऊन आली, आणि गठ्ठे चार-चार, सहा-सहा करत बेटापर्यंत वाहिले गेले. शेवटचा गठ्ठा साडेपाचला गोठ्यात पडला. न उठणारी गाय तरीही गेली, शनिवारी. बाकीच्या तीस राहिल्या.

ताउनोने माफी मागितली नाही. पुढच्या बैठकीत तो म्हणाला की नियमाप्रमाणे त्याची सही बरोबर होती, आणि काइसू म्हणाली, होती. मग त्यानेच ठराव मांडला की बर्फाच्या तक्त्यात सरासरीशेजारी पसाऱ्याचा रकाना असावा, आणि पसारा दोनच्या वर गेला तर दर पंचवीस मीटरला भोकं पाडल्याशिवाय रस्ता उघडू नये. ती भोकं पाडायला समितीतले दोघे दर वेळी येतील. कुणीतरी विचारलं, दोघे म्हणजे कोण? ताउनो म्हणाला, "एक मी. दुसरा तू, विचारलंस ना."

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर काइसू एकदा माझ्याकडे आली होती, मासे घेऊन. आम्ही जिन्यावर बसून ते साफ करत होतो. मी तिला विचारलं, सतरावं भोकही बेचाळीस निघालं असतं तर काय केलं असतंस.

"अठरावं पाडलं असतं."

"तेही चांगलं निघालं असतं तर?"

"एकोणिसावं. मग घरी गेले असते." तिने माशाचं पोट चिरलं. "आणि आहतीला तरीही दिवसभर थांब म्हणाले असते. त्याने ऐकलं नसतं. तो पोचला असता. आणि ताउनोने वर्षभर मला छळलं असतं."

"आणि तू?"

तिने सुरी पुसली. "मला पसारा चारच दिसला असता, बाई," ती म्हणाली, आणि पुढचा मासा घेतला.